इंच इंच चढवू!

चांगल्या घरांत पूर्वी इंचांची चर्चा व्हायची ती टीव्हीच्या बाबतीत, आणि तीही दसरा-दिवाळीच्या आसपास. आता वाकड, बाणेर, हिंजवडी भागातल्या कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरा. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकवलेली दोन मुलं दबक्या आवाजात एकमेकांना विचारत असतात, "किती इंची घेतलास?" उत्तर "चोवीस" आलं तर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी काही करुणा दाटते की ऐकणाऱ्यालाच ओशाळं व्हावं. "सत्तावीस" म्हटलं की, "हां, ठीक आहे." आणि कुणी "चौतीस, कर्व्ह्ड" म्हणालं की लिफ्टमधले बाकीचे तिघं आपापला मजला विसरतात.

मी काही जुन्या वळणाची बाई नाही. लॅपटॉपच्या चौदा इंचांत दिवसभर मान खुपसून बसू नये, बाहेरून एक मॉनिटर जोडावा, हे मलाही कळतं. पण मार्च २०२० मध्ये ऑफिसं घरात शिरली तेव्हा हीच माणसं जेवणाच्या टेबलावर, इस्त्रीच्या टेबलावर, प्रसंगी मांडीवर पोळपाट घेऊन कामं करत होती आणि कंपन्या चालल्याच होत्या ना? आज आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायचं तर त्यांना सव्वा मीटर रुंदीचा पडदा लागतो. नाही मिळाला तर म्हणे 'प्रॉडक्टिव्हिटी' जाते. जाते कुठे, ते कुणी सांगत नाही.

सी विंगमधलं प्रकरण तर तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या भाऊजींनी चौतीस इंची वळणदार मॉनिटर मागवला. बेडरूम दहा बाय अकराची, त्यात पलंग, कपाट आणि वहिनींचं ड्रेसिंग टेबल. मॉनिटरचं खोकं आत आलं तेव्हा पलंग फिरवला गेला. पलंग फिरल्यावर कपाटाचं डावं दार अर्ध्यातच अडायला लागलं. ड्रेसिंग टेबल आधी खिडकीशी सरकलं, मग दाराशी, आणि शेवटी हॉलमध्ये चपलांच्या रॅकशेजारी जाऊन उभं राहिलं. आता वहिनी टिकली लावताना येणारा-जाणारा प्रत्येक कुरिअरवाला आरशात दिसतो. "अहो ताई," त्या मला म्हणाल्या, "हे म्हणतात, दोन एक्सेल शीट शेजारी शेजारी दिसतात. मी म्हटलं, नवरा-बायको शेजारी शेजारी बसतील एवढी जागा राहिली का खोलीत?"

आता या चौतीस इंचांची गंमत ऐका. हे इंच रुंदीचे नसतात आणि उंचीचेही नसतात, ते असतात कर्णाचे. सुताराला टेबल सांगताना आपण लांबी-रुंदी सांगतो, पण मॉनिटरवाला एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी टेप लावून आकडा फुगवतो आणि आपण सातवीत शिकलेला पायथागोरस दुकानाच्या पायरीवर ठेवून आत जातो. सत्तावीस इंची नेहमीचा रुंद मॉनिटर घ्या: रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर, उंची ३३.६. चौतीस इंची अल्ट्रावाइड घ्या: रुंदी सुमारे ८०, उंची ३३.३. म्हणजे सात इंचांचे पैसे मोजून भाऊजींचा पडदा शेजारच्या सत्तावीसवाल्यापेक्षा उंचीला जवळपास सूतभर कमीच भरला! हे मी त्यांना सांगितलेलं नाही. संसार टिकले पाहिजेत.

याहून जुनी लबाडी ऑफिसांमध्ये होऊन गेली आणि कुणी चकार शब्द काढला नाही. वीसेक वर्षांपूर्वी टेबलाटेबलावर एकोणीस इंची, जवळपास चौकोनी मॉनिटर असायचे, पाचास चार प्रमाणाचे. त्यांची उंची होती ३० सेंटिमीटर. ते काढून चोवीस इंची रुंद मॉनिटर आले, साहेबांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवलं. या चोवीस इंचीची उंची किती? २९.९. पाच इंच वाढले ते सगळे बाजूला पसरले. पत्र वाचणारा, हिशेब तपासणारा, ओळीमागून ओळ कोड लिहिणारा, सगळ्यांना हवी असते उंची. पसरट पडदा सिनेमावाल्यांना शोभतो. म्हणजे दिवसभर काम करणाऱ्यांच्या टेबलावर गुपचूप सिनेमाचा पडदा आणून ठेवला गेला आणि वर त्याला प्रगती म्हटलं गेलं. (माझ्या मते १६:१० हे प्रमाण सोडायलाच नको होतं. पण बायकांचं ऐकतं कोण, त्यातून माझं.)

असो. इंचांवरून माणसं भांडतात, पण ज्याच्यावर हे सगळं उभं राहायचं त्या टेबलाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, हा या प्रकरणातला खरा निर्लज्जपणा. तापकीर गल्लीत जा, मॉलमधल्या चकाचक दुकानात जा, विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, "बजेट किती?" दुसरा विचारतो, "गेमिंग का ऑफिस?" तिसरा विचारत नाही. "दादा, टेबल किती खोल आहे?" असं विचारणारा विक्रेता मला अजून भेटायचा आहे, आणि भेटलाच तर त्याला मी जेवायला बोलावीन.

खोली म्हणजे भिंतीपासून तुमच्या पोटापर्यंतचं अंतर. आपल्याकडची बरीच स्टडी टेबलं ४५ ते ६० सेंटिमीटर खोल असतात. लॅपटॉप आणि चहाचा कप एवढाच संसार धरून केलेली. त्यावर मॉनिटर ठेवला की त्याचा स्टँड मागे पाय पसरतो, वायरी भिंतीशी बोटभर जागा मागतात, आणि पडद्याचा चेहरा भिंतीपासून वीसेक सेंटिमीटर पुढे येऊन बसतो. पुढे कीबोर्ड, कीबोर्डापुढे मनगटं. डोळा आणि पडदा यांच्यात उरतात जेमतेम ४०-४५ सेंटिमीटर. अमेरिकेतलं कामगार सुरक्षेचं सरकारी खातं सांगतं, हे अंतर ५० ते १०० सेंटिमीटर असावं. घरगुती हिशेब त्याहून सोपा आहे: खुर्चीत पाठ टेकून बसायचं, हात सरळ पुढे करायचा, बोटांची टोकं पडद्यापाशी पोचली की जमलं. भाऊजींनी हात पुढे केला तर तो पडद्याच्या आरपार जाईल. उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळात किती वाजले हे पाहायला त्यांना मान वळवावी लागते, आणि वळवलेली मान परत आणेपर्यंत मीटिंगमध्ये त्यांचं नाव घेतलं गेलेलं असतं.

हिशेबच सांगते, मग तुम्हीच ठरवा कोण शहाणं. ६० सेंटिमीटर अंतरावर सत्तावीस इंची मॉनिटर आपल्या नजरेचे साधारण ५३ अंश व्यापतो. तेवढं डोळ्यांना पेलतं, मान स्वस्थ राहते. त्याच अंतरावर चौतीस इंची घेतो ६७ अंश. एकोणपन्नास इंची सपाट धरला तर भरतात पूर्ण ९० अंश. काटकोन! इतका मोठा कोन आमच्या काळी कंपासपेटीत ठेवायचे, तोंडासमोर धरत नसत. आणि हा एकोणपन्नास इंची म्हणजे दुसरंतिसरं काही नसून दोन सत्तावीस इंची, मधली फट बुजवून शेजारी शेजारी चिकटवलेले; रुंदी १२० सेंटिमीटर. २०१७ मध्ये सॅमसंगने तो बाजारात आणला तेव्हा तो खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी होता. आता तो कर्जाचे हप्ते फेडणारे, दोन मुलांचे बाप घेतात, आणि बायकोला सांगतात की ऑफिसने 'रेकमेंड' केलाय.

वळणाचीही एक थाप आहे. खोक्यावर १८००आर, १५००आर, १०००आर असं काहीतरी छापलेलं असतं आणि आर म्हणजे रॉयल असावं अशी काहींची समजूत आहे. आर म्हणजे त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. १०००आर म्हणजे एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. म्हणजे बरोबर मध्यावर बसायचं तर पडद्यापासून एक मीटर मागे जायला हवं, आणि एक मीटर मागे गेलं की आमच्या फ्लॅटमध्ये माणूस थेट पलंगावर बसतो. कित्येकजण बसतातच.

टेबल पुरत नाही म्हटल्यावर पुढचं खूळ आलं, आर्म! यंत्राचा हात. मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं असतात, बहुतेक वेळा १०० मिलिमीटरच्या चौकोनात. ही चार भोकं सगळ्यांनी एकाच मापाची ठेवावीत असं ठरवून देणाऱ्या संस्थेच्या नावावरून त्याला 'वेसा माउंट' म्हणतात. त्या भोकांना आर्म जोडायचा, आर्मचा चिमटा टेबलाच्या काठाला आवळायचा, स्टँड माळ्यावर टाकायचा. पडदा भिंतीला टेकतो, १५-२० सेंटिमीटर अंतर फुकट मिळतं. खरं सांगू? या सगळ्या खुळांमधलं हे एकच खूळ मला मान्य आहे. पण लोक ते काचेच्या टेबलावर करतात हो! काच सोडली तर भुशाच्या पातळ फळीवर करतात, तीही कड कुरतडलेल्या. सहा-सात किलोचा मॉनिटर एका चिमट्याच्या भरवशावर अधांतरी लोंबतोय, खाली लॅपटॉप, बाजूला सांडायच्या बेतात असलेला चहा. बी विंगमधल्या एका चिरंजीवांनी चिमटा आवळता आवळता टेबलाची कड हातात काढून आणली. आई म्हणाली, "दहावीपासून वापरतोय रे ते टेबल." तो म्हणाला, "म्हणूनच."

पण स्टँडच्या बाबतीत आमच्या सोसायटीने कितीही दिवे लावले तरी अमेरिकेची सर येणार नाही. जून २०१९ मध्ये ॲपलने सॅन होझेच्या सोहळ्यात बत्तीस इंची मॉनिटर दाखवला, किंमत ४,९९९ डॉलर. टाळ्या पडल्या. मग सांगितलं, स्टँड वेगळा, ९९९ डॉलर. ॲपलच्या सोहळ्यात लोक टाळ्या वाजवायलाच येतात, पण या आकड्याला सभागृहात जी कुजबुज उठली ती ध्वनिचित्रफितीत चक्क ऐकू येते. भिंतीवर किंवा आर्मवर लावायचा म्हणाल तर त्या चार भोकांसाठी जोडपट्टी घ्या, १९९ डॉलर. भोकांचे पैसे! पुढे २०२१ मध्ये याच कंपनीने पडदा पुसायचं फडकंसुद्धा विकायला काढलं, भारतात १,९०० रुपयांना. आमच्या आजी ऐकून गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "जुनी मलमलची साडी आहे माझ्याकडे, कितीला घेतील विचार."

पिक्सेलचं प्रकरण थोडक्यात आटोपते, कारण त्यात पुरुष मंडळी आली की संध्याकाळ जाते. सत्तावीस इंची घेतला पण पैसे वाचवायला फुल एचडी घेतला, तर इंचाला ८२ ठिपके पडतात आणि जवळून पाहिलं की अक्षरं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी सुटी सुटी दिसायला लागतात. तेच फुल एचडी चोवीस इंचांत ९२ ठिपके देतं, ते चालून जातं. सत्तावीसला २५६० बाय १४४० घ्यावा, १०९ ठिपके, बाकी कुणाचं ऐकू नये. "आम्ही फोरके घेतला" म्हणून मिरवणाऱ्यांची तर गंमतच. एवढ्या बारीक पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी दिसतात म्हणून ते सेटिंगमध्ये जाऊन सगळं दीडपट मोठं करतात, आणि मग पडद्यावर काम मावतं तेवढंच, २५६० बाय १४४० मध्ये मावायचं तेवढं! अक्षरं कोरीव दिसतात, ते मान्य. पण एक्सेलचा एक रकानाही जास्त दिसत नाही, हे घरी बोलायचं नाही असं ठरलेलं असतं.

उंचीच्या बाबतीत तर आमच्या काकांनी कहर केला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं. बरोबरच आहे ते. म्हणून त्यांनी मॉनिटरखाली गेल्या चार वर्षांचे दिवाळी अंक रचले आणि ते कमी पडले म्हणून त्यावर विश्वकोशाचे दोन खंड चढवले. ज्ञानाची एवढी उंची काकांनी आयुष्यात प्रथमच गाठली. पण काकांना चष्मा चाळिशीचा, तोही वर दूरचं आणि खाली जवळचं दिसणारा. जवळचं पाहायला ते भिंगाच्या खालच्या भागातून पाहतात, आणि पडदा वर गेल्याने हनुवटी छताकडे करून बसतात. काकू म्हणतात, दिवसभर कुणाशी तरी भांडायच्या पवित्र्यात असतात. अशा चष्मेवाल्यांनी मॉनिटर उलट आणखी खाली घ्यायचा असतो. काकांनी खंड काढले, पण दिवाळी अंक तसेच ठेवलेत. म्हणतात, वाचायचे राहिलेत.

वास्तुशास्त्रवाल्यांनीही यात हात धुऊन घेतले. काम करताना तोंड पूर्वेला. पूर्वेला खिडकी. खिडकीसमोर मॉनिटर, मागून सकाळचं ऊन थेट डोळ्यात. पडदा खिडकीला काटकोनात ठेवावा, समोरही नको आणि पाठीशीही नको, हे साधं आहे. पण मग तोंड दक्षिणेकडे होतं आणि अप्रेझल हुकतं. आमच्या सोसायटीत अशी तीन घरं आहेत जिथे लक्ष्मी यावी म्हणून दिवसाढवळ्या जाड पडदे ओढून ट्यूबलाइट लावून बसतात.

आणि सरकार! सरकारनेच मर्यादा घालून दिली होती, ती कुणी पाळली? १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटर आणि टीव्हीला जीएसटी १८ टक्के, त्यावर गेलात की २८. म्हणजे बत्तीस इंचांपर्यंत गरज, तेहतिसाव्या इंचाला चैन. चौतीसवाला त्या दोन इंचांपायी पान मसाल्याच्या पंगतीला जाऊन बसायचा. बायकांच्या हातात एवढं एक हत्यार होतं: "अहो, दहा टक्के टॅक्स जास्त आहे, बत्तीसच घ्या." २२ सप्टेंबर २०२५ ला तेही गेलं, सगळे मॉनिटर १८ टक्क्यांत. नवरात्रात आमच्या पार्किंगमध्ये जी लांबच लांब खोकी उतरली, त्यांच्याकडे पाहून वॉचमनने विचारलं, "काय साहेब, दार बदलताय का?"

ज्यांना आडवं पसरून समाधान होत नाही ते आता उभे राहिलेत. दुसरा मॉनिटर उभा करून लावायचा, कोडच्या ओळी वरपासून खालपर्यंत दिसतात. पोरांना वाटतं हा शोध त्यांचा. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये अल्टो नावाचा संगणक केला, त्याचा पडदा उभाच होता, कागदाच्या आकाराचा. कारण कागदावर काम करणाऱ्या माणसांना ते हवं होतं! मग एलजीने २०२२ मध्ये चक्क सोळास अठरा प्रमाणाचा, रुंदीपेक्षा उंच असा मॉनिटर काढला. वीस वर्षं पडदे ताणून ताणून रुंद केले, आणि आता चौकोन नवा म्हणून विकायचा. त्याच वर्षी सॅमसंगने पंचावन्न इंची वाकडा पडदा आणला, स्टँडसकट चाळीस किलोंच्या वर, आणि तो म्हणे उभा फिरवून डोक्यावर झुकवता येतो. रात्री त्याच्याखाली बसून काम करणाऱ्या माणसाला झोप कशी येत असेल, देव जाणे. इतका वजनदार ऐवज माझ्या डोक्यावर झुकलेला असता तर मी आधी विमा काढला असता.

या सगळ्या धामधुमीत ए विंगमधल्या एका मुलीने केलेला प्रकार मात्र अजून कुणाच्या पचनी पडलेला नाही. नवी नोकरी, चांगलं पॅकेज, एकटी राहते, विचारणारं कुणी नाही. तिने आधी टेबल मोजलं. ५५ सेंटिमीटर. मग वर्तमानपत्राचे कागद कापून, चिकटपट्टीने जोडून सत्तावीस इंचीच्या मापाचा आयत केला आणि चार दिवस भिंतीवर चिकटवून त्याच्यासमोर बसली. मग चोवीस इंचीचा आयत केला. त्याच्यासमोर बसली. आणि चोवीस इंची विकत घेतला! उरलेल्या पैशांत चांगली खुर्ची घेतली म्हणे, पाठीला आधार देणारी. सोसायटीत पहिली शंका आली ती नोकरी गेल्याची. दुसरी, ईएमआय थकल्याची. तिच्या आईपर्यंत फोन गेले. "मुलगी वर्तमानपत्र भिंतीला लावून बघत बसते," असं कुणीतरी नाशिकला कळवलं, आणि आई रात्रीची शिवशाही पकडून आली. आल्यावर त्या खुर्चीत बसली आणि दुपारभर उठली नाही.

सी विंगचं पुढे काय झालं म्हणता? परवा सोसायटीच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर भाऊजींचा संदेश पडला: "चौतीस इंची कर्व्ह्ड, खोकं-बिलासकट, एक ओरखडा नाही. विकण्याचं कारण: कपाटाचं दार." दोन मिनिटांत बी विंगमधून कडमोड्या टेबलाच्या चिरंजीवांनी विचारलं, "काका, लास्ट प्राइस? आर्म सोबत आहे का?" भाऊजी टाइप करत होते, तीन ठिपके बराच वेळ हलत होते, तेवढ्यात वहिनींचं उत्तर येऊन पडलं.

"आर्म घेऊन जा बाळा, टेबलही घेऊन जा. काका कीबोर्डसकट हवे असतील तर डिलिव्हरी आमच्याकडून."